लाखेचे पाच शिक्के

७ जानेवारी १९७४, सोमवार

मधुकररावांनी जाताना टेबलावर ठेवलेला 'पोस्टकार्ड प्रकरणाचा वृत्तांत' आज वाचला. एका पानात चार चुका. ते लिहितात, कार्ड दिवाळीच्या पाडव्यास गेले. पाडव्यास पोस्ट बंद असते. कार्ड त्यापूर्वी चार दिवस गेले, जावक रजिस्टरात नोंद आहे. ते लिहितात, 'पोस्टमनने कार्ड वाचले.' वाचले नाही, गावच्या हॉटेलात मोठ्याने वाचून दाखवले. आजाराचे नाव त्यांनी 'कातडीचा विकार' असे घातले आहे. कार्डावर स्वच्छ अक्षरात 'महारोग' होते, आणि प्रकरण म्हणतात ते तेच. शेवटी, 'सदर इसम गाव सोडून गेला.' गेला नाही, घालवला गेला. कर्मणी प्रयोग मधुकररावांना जन्मात साधला नाही.

त्यांच्या जागी आजपासून मी. धंतोलीतला हा कातडीच्या आजारांचा दवाखाना. रोगी विदर्भभरातून येतात, तपासणीस नमुना देतात आणि गावी परततात. रिपोर्ट मागाहून टपालाने जातो. आजवर तो उघड्या कार्डावर जात असे. डॉक्टरसाहेब म्हणाले, गोपाळराव, तुम्ही जुन्या सेक्रेटरिएटात कॉन्फिडेन्शियल ब्रँचमध्ये होतात, एवढी व्यवस्था लावून द्या.

एकोणीस वर्षे होतो. एकही कागद फुटला नाही. नागपूरची राजधानी गेली, कागद फुटला नाही.

संकल्प: तीन महिन्यांच्या आत या दवाखान्यातून रोग्याच्या नावाचे एक अक्षर बाहेर जाणार नाही.

९ जानेवारी

सिस्टिम तयार. खरूज, गजकर्ण, इसब इत्यादी किरकोळ विकार: साधे खाकी पाकीट. महारोग, गुप्तरोग व कातडीचा क्षय हे तीन: जाड पांढरे पाकीट, वर तांबड्या शाईत 'गोपनीय', आणि तोंडावर लाल लाखेचा शिक्का.

सेक्रेटरिएटात दोन पाकिटे वापरीत. आतले शिक्क्याचे, बाहेरचे कोरे. मी त्यात सुधारणा केली आहे. शिक्का दिसलाच नाही, तर पाकीट फोडू पाहणाऱ्यास धाक कशाचा?

डॉक्टरसाहेबांनी विचारले, लाखेची खरोखर गरज आहे काय? मी दहा मिनिटे समजावून सांगितले. पाचव्या मिनिटास ते रोगी तपासावयास गेले. संमती गृहीत.

१० जानेवारी

लाख वितळविण्याचे काम शालिकरामकडे दिले. दवाखान्यातला जुना शिपाई. पट्ट्या बांधतो, मलमे घोटतो, टपालही तोच टाकतो. लाख मेणबत्तीवर धरायची असते, मेणबत्तीत बुडवायची नसते, हे त्यास तीनदा सांगावे लागले. टेबलावर डाग पडला.

१७ जानेवारी

समाधानाची गोष्ट. फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. तिथला चहावाला औषध न्यायला पुन्हा येणाऱ्या रोग्यांस विचारतो म्हणे, तुमचं खाकी का लाखेचं? जेमतेम आठवड्यात आमच्या शिक्क्याचा लौकिक रस्त्यापर्यंत पोचला. धाक बसतो तो असा.

टपरीवर दोन बाके आहेत. हल्ली काही रोग्यांस तेथे बसू देत नाहीत, असे शालिकराम सांगत होता. बाके चहावाल्याची आहेत. आपला संबंध नाही.

२२ जानेवारी

घरगुती. माझी पत्नी इंदू दागिने तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवते, असे आज उघडकीस आले. गोदरेजचे कपाट काय शोभेस घेतले आहे? तिचे म्हणणे, चोर पहिल्याने कपाटच पाहतो. सुशिक्षित घरातील स्त्रीने असे बोलावे याचे वाईट वाटले. दागिने कपाटात हलविले. किल्ली माझ्यापाशी.

४ फेब्रुवारी, सोमवार

बुटीबोरीचे चंपतराव आले. वय पन्नास, कापसाची शेती, सभ्य गृहस्थ. गेल्या महिन्यात त्यांना महारोगाचा रिपोर्ट गेला होता. आजार अगदी आरंभीचा, गोळ्यांनी जाणारा, दुसऱ्यास न लागणारा. हे सर्व डॉक्टरांनी रिपोर्टात लिहिलेच होते. परंतु भावांनी त्यांचे ताट वेगळे केले आहे, बायकोस तिचे भाऊ येऊन घेऊन गेले, आणि सामाईक विहिरीवर त्यांच्या दोरास मनाई आहे. त्यांनी स्वतः कोणास अवाक्षर सांगितलेले नाही.

मी पाकीट मागितले. त्यांनी जपून आणले होते. शिक्का शाबूत, कडेने कात्री लावली आहे ती त्यांनीच लावलेली. माझ्याकडून काही फुटले नाही हे मी त्यांना चार वेळा पटवून दिले.

ते म्हणाले, "पाकीट कोणीच नाही फोडलं, गोपाळराव. पोस्टमन ते घेऊन दारात उभा राहिला अन् अख्खी गल्ली दोन पावलं मागं सरली."

यावरून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. पाकीट उघडण्यापूर्वीच गावास बातमी होती. म्हणजे बातमी टपालात पडण्याच्या अगोदर फुटली. म्हणजे दवाखान्यातून.

१२ फेब्रुवारी

सापळा. प्रत्येक पाकिटाच्या जिभेखाली माझ्या डोक्याचा एकेक केस ठेवून डिंक लावला, आणि पाकिटे उघडताना तो पाहून कळवावे असे रोग्यांस लिहिले. पाच जणांनी उत्तरे धाडली. केस पाचही ठिकाणी जागच्या जागी. पैकी तिघांनी पुढे लिहिले होते की गावात राहणे कठीण झाले आहे. तो मजकूर सापळ्याशी संबंधित नसल्याने फाईल केला.

पाकिटे अभेद्य आहेत. तेव्हा तोंड फुटलेले आहे. तोंडे दवाखान्यात तीन: डॉक्टर, मी व शालिकराम.

१३ फेब्रुवारी, बुधवार

शालिकरामला आज काढले. डॉक्टरसाहेब का-कू करीत होते. बावीस वर्षांचा माणूस, म्हणाले. मी लेखी अहवाल दिला: परिच्छेद सात, निष्कर्ष एक.

जाताना तो माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "मले वाचता नाही येत, गोपाळराव. कोणाले काय झालं थे मलेच नाही माहीत, तं मी कोणाले सांगू?"

असल्या लोकांस अक्षरशत्रुत्वाचे सोंग उत्तम वठविता येते. तरीही त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. मी त्याला लाखेची उरलेली कांडी घरी नेण्यास दिली. त्याने ती टेबलावरच ठेवली.

२३ फेब्रुवारी

उमरेडकडील एक व काटोलकडील दोन तक्रारी. तिन्ही पाकिटे शालिकराम गेल्यानंतरची आहेत. त्याने या मंडळींबद्दल अगोदरच सांगून ठेवले असावे. मंडळी दवाखान्यात प्रथमच आली ती चौदा तारखेस, ही अडचण आहे. विचार चालू.

तूर्त शिक्के एकाऐवजी दोन.

२५ फेब्रुवारी, सोमवार

आज एक बाई आल्या. उत्तरा, कळमेश्वरच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय सव्वीस. वडील नाहीत, आई गावी असते. दंडावर रुपयाएवढा फिकट डाग. डॉक्टरांनी नमुना घेतला व भिण्यासारखे फारसे दिसत नाही म्हणाले. तरी बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

त्यांचे म्हणणे थोडक्यात: भाड्याच्या खोलीत राहतात, घरमालकीण रुखमाबाई सोवळ्याची. शाळेत अजून कायम झालेल्या नाहीत, जूनमध्ये व्हायच्या आहेत. डागाचे कोणासही सांगितलेले नाही. लांब बाह्यांचे पोलके शिवून घेतले आहे. रिपोर्ट टपालाने पाठवू नये. रविवारी त्या स्वतः येतील आणि हाती घेतील.

मी सांगितले की रिपोर्ट हातोहात देण्याची पद्धत या दवाखान्यात नाही. हाती दिलेल्या कागदाची ना जावक नोंद, ना पोच. त्या दोनदा म्हणाल्या, "काहीही आलं तरी चालेल, पण ते गावात नको यायला." शुद्ध बोलतात. शिक्षकी पेशात असे बोलणे दुर्मिळ झाले आहे.

मी त्यांना शब्द दिला. म्हणालो, बाई, एकोणीस वर्षांत माझ्या हातून गेलेले पाकीट परक्याने उघडलेले नाही, तुमचेही उघडणार नाही. त्यांना धीर आला असावा, कारण त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

४ मार्च, सोमवार

उत्तराबाईंचा रिपोर्ट आला. महारोग नाही. साधे शिबे आहे. मलम दिले की जाईल. फार आनंद झाला.

डॉक्टरसाहेब जाता जाता म्हणाले, त्यांना लगेच खाकी पाकिटातून कळवून टाका, बिचारी काळजीत असेल. नियमाने खाकीच जावयास हवे. आजार तिन्हींपैकी नाही. परंतु मी शब्द दिलेला आहे. ज्या बाईने गुप्ततेची एवढी याचना केली, तिला खरूज-गजकर्णाच्या पंक्तीस बसवायचे? माझ्या मनास पटेना.

लाख संपली आहे. सीताबर्डीवर मिळते ती भुसभुशीत. इतवारीतून चांगली मागविली आहे. येईपर्यंत पाकीट माझ्या खणात कुलपात. काळजी नको.

९ मार्च, शनिवार

लाख आली. उत्कृष्ट. उत्तराबाईंचे पाकीट आज रवाना. रजिस्टर, पोचपावतीसह. शिक्के पाच: चार कोपरे आणि मधोमध एक. सर्व मी स्वतः लावले. चौकोन असा साधला आहे की कोपऱ्याचे चारही शिक्के कडेपासून समान अंतरावर आहेत. पत्ता शाळेचा, कारण घरच्या पत्त्यावर मालकीण घेईल ही भीती.

नोकरीतल्या उत्तम दिवसांतही असे पाकीट माझ्या हातून गेले नव्हते.

१५ मार्च

पोचपावती नाही. कळमेश्वर ते काय, बाराएक मैल. टपाल खात्याची शिस्त इंग्रजांबरोबर गेली.

२१ मार्च, गुरुवार

पोचपावती आली. उत्तराबाईंची सही, १९ मार्च. पोस्टमास्तरचा शेरा: 'सील शाबूत.' मी तो डॉक्टरसाहेबांस दाखविला. त्यांनी विचारले, रजिस्टर कशासाठी? मी म्हणालो, खबरदारी.

तीन महिन्यांचा संकल्प अडीच महिन्यांत पुरा झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

२६ मार्च, मंगळवार

उत्तराबाईंच्या आई देवकीबाई आल्या. लुगड्याच्या पदरात ते पाकीट गुंडाळलेले. बोलणे गावाकडच्या वळणाचे, आशय मात्र सुसंगत. माहिती क्रमवार लिहितो.

पाकीट ११ मार्चला कळमेश्वरास पोचले. पोस्टमन ते घेऊन शाळेत गेला. उत्तराबाई काटोलला शिक्षकांच्या शिबिरास गेल्या होत्या, १८ तारखेपर्यंत. पोस्टमनने पाकीट मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून विचारले की द्यायचे कोणाला. रजिस्टर असल्याने परत नेले. नियमाप्रमाणे सात दिवस ते पोस्टाच्या खिडकीमागे कप्प्यात उभे होते. मनिऑर्डरीस आलेला प्रत्येक माणूस ते पाहत होता. गावातल्या दोघांना पूर्वी आमची लाखेची पाकिटे आलेली आहेत. त्यामुळे ओळख पटण्यास वेळ लागला नाही.

१२ तारखेस उत्तराबाईंच्या वर्गात अकरा मुले आली. १३ तारखेस तीन. १४ तारखेस रुखमाबाईंनी त्यांची वळकटी, स्टोव्ह आणि पुस्तके बाहेर ओट्यावर काढून खोली गोमूत्राने धुतली. बाई १८ तारखेस शिबिराहून परतल्या तेव्हा सामान चार दिवस तिथेच होते. शिवायला कोणी तयार नव्हते.

१९ तारखेस दुपारी त्यांनी पोस्टात, पोस्टमास्तर आणि मुख्याध्यापकांसमक्ष पाकीट उघडले, आणि रिपोर्ट मोठ्याने वाचून दाखविला. आजार नाही.

मग मुख्याध्यापक म्हणाले, "काहीच नव्हतं, तर एवढी लाख काहून लावली?"

यावर मी देवकीबाईंना लाखेच्या शिक्क्याचे प्रयोजन समजावून सांगू लागलो. त्यांनी मला थांबविले. म्हणाल्या, "माह्या पोरीले काहीच नाही झालं, एवढं कागदावर लिहून द्या बाबूजी. लाख नोका लावू."

मी लिहून दिले. साधा कागद, डॉक्टरांची सही, खाकी पाकीट, तेही उघडे. माझ्या हातून असा कागद गेल्याचे मला स्मरत नाही.

२८ मार्च

दोन दिवस चैन नाही. परवाचा दाखला नजरेपुढून हलत नाही. शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. असा कागद कोणीही करू शकेल. मुख्याध्यापक तो क्षणभर पाहतील आणि बाजूला सारतील. देवकीबाईंच्या भोळेपणाने त्यांच्याच मुलीचे नुकसान होणार. बाईमाणूस, कचेरीची पद्धत माहीत नसते.

तक्रार अशी आहे की गावाचा रिपोर्टावर विश्वास बसत नाही. विश्वास बसावा म्हणूनच तर जगात शिक्का आहे.

३० मार्च, शनिवार

काम पुरे केले. दाखल्याच्या तीन प्रती स्वच्छ अक्षरात: एक मुख्याध्यापकांस, एक शाळा समितीच्या अध्यक्षांस, एक पोस्टमास्तरांस. मजकूर: 'सदर शिक्षिकेस महारोग झालेला नाही, असे या पत्राद्वारे प्रमाणित करण्यात येत आहे.' निर्दोष वाक्य. तिन्ही रजिस्टर, तिन्ही पांढऱ्या पाकिटांत, प्रत्येकी पाच शिक्के. डॉक्टरसाहेब परगावी आहेत. दाखल्याचा मजकूर त्यांच्याच पूर्वीच्या सहीचा असल्याने विचारण्याचे कारण नव्हते.

आता कोणासही शंका उरणार नाही.

५ एप्रिल

तिन्ही पोचपावत्या आल्या. १ एप्रिल, सर्व सह्या ठळक. शेरा नाही. उत्तराची वाट पाहत आहे. आभाराचे दोन शब्द येतील असे वाटते, अपेक्षा नाही.

९ एप्रिल, मंगळवार

देवकीबाई पुन्हा आल्या. उत्तरा इथे आली होती का, एवढेच विचारीत होत्या. या महिन्याच्या पहिल्या तारखेस संध्याकाळी मुख्याध्यापकांनी उत्तराबाईंना बोलावून उद्यापासून शाळेत येऊ नका असे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या सकाळच्या पहिल्या एसटीने नागपूरकडे निघाल्या. कंडक्टरने त्यांना सीताबर्डीस उतरताना पाहिले. मागच्या बाकावर एकट्याच होत्या, म्हणाला. गाडीत बसायला जागा नव्हती, तरी त्या बाकावर एकट्याच. त्यानंतर पत्ता नाही. मामाकडे नाहीत, मैत्रिणींकडे नाहीत. आईने मेयो आणि मेडिकल दोन्ही दवाखाने पाहिले. तलावाकडे पोलीस गेले होते, काही मिळाले नाही.

पहिल्या तारखेस मुख्याध्यापकांस एकाएकी काय झाले, हे देवकीबाईंना कळलेले नाही. त्यांनी मला विचारले. मी म्हणालो की मला सांगता येणार नाही. वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे.

डॉक्टरसाहेब बाईंजवळ जमिनीवर बसले होते.

१० एप्रिल

नवा हुकूम. उद्यापासून सर्व रोग्यांस, खरूज असो वा काही असो, एकच खाकी पाकीट. शिक्का नाही, तांबडी शाई नाही. ज्यास हवा त्याने रिपोर्ट येऊन हाती न्यावा. डॉक्टरसाहेबांनी हे अत्यंत शांतपणे सांगितले. मी विचारले, मग गोपनीय काय राहिले? ते म्हणाले, तेच. कोणास काय झाले ते.

या महिन्याअखेर मी विश्रांती घ्यावी, असेही त्यांनी सुचविले. प्रकृतीस मानवत नाहीच हा उन्हाळा.

चंपतराव औषध न्यायला आले होते. माझ्या टेबलास वळसा घालून गेले.

१५ एप्रिल, सोमवार

डॉक्टरसाहेबांनी शिक्षणाधिकाऱ्यांस लिहावयाच्या पत्राचा कच्चा मसुदा माझ्याकडे दिला. म्हणाले, शुद्धलेखन तेवढे पाहून द्या. उत्तराबाईंस आजार नव्हता, बातमी काढून टाकलेल्या शिपायाकडून किंवा पोस्टात पाकीट फोडल्याने पसरली असावी, सबब बाई परत आल्यास त्यांना रुजू करून घ्यावे, असा आशय. डॉक्टरसाहेब हुशार आहेत, पण तारखांच्या बाबतीत मधुकररावांचेच बंधू.

ऱ्हस्वदीर्घाच्या सहा चुका व एक अनुस्वार दुरुस्त केला. तारखांना हात लावला नाही. तारखा त्यांच्या आहेत. पत्र त्यांच्या सहीने चार वाजता टपालात गेले. खाकी पाकीट.

तथापि कोठे तरी शुद्ध नोंद असावी, म्हणून येथे:

तपासणी. पत्रात: मार्चचा पहिला आठवडा. शुद्ध: २५ फेब्रुवारी.

रिपोर्ट तयार. पत्रात: ९ मार्च. शुद्ध: ४ मार्च. टपालात ९ मार्च. मधले पाच दिवस लाख नव्हती.

शालिकरामला काढले. पत्रात: मार्च. शुद्ध: १३ फेब्रुवारी. तपासणीपूर्वी बारा दिवस. त्याने बाईंना पाहिलेले नाही.

पाकीट फुटले. पत्रात: १३ मार्चच्या सुमारास, पोस्टात. शुद्ध: १९ मार्च, दुपारी, बाईंच्या हातून. तोवर पाचही शिक्के शाबूत.

सामान बाहेर काढले. पत्रात: २० मार्च. शुद्ध: १४ मार्च. पाकीट पाच दिवसांनी उघडायचे होते.

बाई गेल्या. पत्रात: मार्चअखेर. शुद्ध: २ एप्रिल, सकाळची पहिली एसटी.

माझी तीन पाकिटे कळमेश्वरास पोचली. शुद्ध: १ एप्रिल. पत्रात ही तारीख नाही.